वाट कोणाची? पापडी ते तुंगारेश्वर : सायकल, पायवाट आणि सोबत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिला आक्षेप आमच्या घरातूनच आला. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवायचात. माउंटन बाइकवर तुम्ही काय बोलणार?" मी म्हटलं, अरे बाबा, तू ज्याला माउंटन बाइकिंग म्हणतोस ते आम्ही काळ्या, जड, बिनगिअरच्या सायकलींवर पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी करत होतो. त्याला काही नाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, एवढाच फरक. आणि दुसरा फरक म्हणजे गुडघा फुटला की आम्ही घरी खोटं सांगायचो. (हशा)

तर आज मी बोलणार आहे ते पापडीहून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेबद्दल, त्या वाटेवरच्या सायकलींबद्दल आणि सोबत्यांबद्दल. पण हा इतिहास सांगताना एक प्रश्न मनात ठेवा. वाट कोणाची असते? जो चालतो त्याची? जो ती खणतो त्याची? की जिच्या अंगावरून ती जाते त्या जमिनीच्या मालकाची? प्रश्न साधा दिसतो. मला त्याचं उत्तर दोनदा चुकलं. ती दोन्ही चुकलेली उत्तरं आज मी तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात जरा लांबून करू. आपल्या पापडीहून सायकल काढली तर तासाभराच्या आत नालासोपाऱ्याला पोहोचता येतं. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचं उत्खनन केलं, हे आपण सगळे जाणतो. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली भुईगावजवळ नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. आपण शाळेत एवढंच शिकतो, की सोपाऱ्याला अशोकाचा लेख मिळाला. त्यात लिहिलंय काय, हे फारसं कुणी सांगत नाही.

तो आठवा लेख यात्रेबद्दल आहे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघायचे, म्हणजे शिकार आणि तशाच इतर मौजमजेसाठी. अशोक म्हणतो, राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांना भेटायचं, आणि जनपदातल्या, म्हणजे गावाकडच्या माणसांना भेटून त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं. आणि शेवटी तो म्हणतो की या यात्रेतला आनंद त्या दुसऱ्या आनंदाहून मोठा आहे.

आता बघा, अशोक आनंद नको असं म्हणत नाही. तो दोन आनंदांची तुलना करतो. एकात डोंगर, रान, गाव ही सगळी आपल्या मौजेची जागा असते. दुसऱ्यात तिथे माणसं राहतात हे आधी लक्षात येतं आणि मग आनंद होतो. हा फरक दगडावर कोरून आपल्या तालुक्यात ठेवलेला होता. मला तो वयाच्या अठराव्या वर्षी कळायला हवा होता. कळला तो चाळिशी उलटल्यावर.

सोपारा हे बंदर. बंदराला वाट लागते. सोपारा-कल्याणहून माल निघायचा, नाणेघाट चढायचा, जुन्नरला जायचा आणि पुढे प्रतिष्ठान, म्हणजे पैठणला. नाणेघाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना कातळात खोदलेली ती खिंड आठवत असेल. वर लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर तो मोठा दगडी रांजण, ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की डोंगरात वाट करणं ही काही परदेशातून आलेली हौस नाही. सह्याद्रीत ते दोन हजार वर्षांचं काम आहे. मात्र त्या रांजणाकडे पाहिलं की दुसरी गोष्टही कळते. वाट झाली की तिच्यावर हक्क सांगणारा कुणीतरी लगेच येऊन बसतो.

वसईचा पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण या मालिकेत त्यावर चांगली व्याख्यानं होऊन गेली आहेत. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती घेतली, १८०२ च्या शेवटच्या दिवशी इथे पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. या सगळ्या काळात किल्ल्याच्या तटाबाहेरचा माणूस कसा ये-जा करत होता? तो चालत होता, नाहीतर बैलगाडीत बसत होता. वाड्यावाड्यांच्या बांधावरून पायवाटा होत्या, केळी आणि पानं वाहणाऱ्या गाड्यांसाठी गाडवाटा होत्या, खाडीला तर होती. आणि पूर्वेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाच्या डोंगरातून वारली, मल्हार कोळी, कातकरी मंडळी लाकूडफाटा, मध, रानभाजी घेऊन उतरायची. त्यांच्या वाटा कुठल्या नकाशावर नव्हत्या.

मग १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. हा मोठा बदल होता. का? कारण ही पहिली वाट अशी होती, की जिच्यावरून गावातल्या माणसाला चालता येत नव्हतं. ती त्याच्या दारावरून जात होती, पण तिच्यावर जायचं तर आधी स्टेशन गाठायचं आणि तिकीट काढायचं. आणि स्टेशन पापडीपासून काही जवळ नव्हतं. डोक्यावर फुलांची, भाजीची टोपली घेतलेल्या बाईला ते अंतर रोज पहाटे पायांनीच मोजावं लागायचं.

हे अंतर आमच्याकडे पुढे सायकलने भरून काढलं. सायकल म्हणजे जगाच्या इतिहासातली अगदी अलीकडची वस्तू. १८१७ साली कार्ल ड्राइस नावाच्या जर्मन माणसाने दोन चाकांचं, पायांनी जमिनीला रेटत पुढे न्यायचं यंत्र केलं. आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ती १८८५ ची, इंग्लंडातल्या जॉन केंप स्टार्लीची. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि मग कुठे बसणाऱ्याच्या हाडांना विसावा मिळाला. पुढे आपल्याकडे रॅले, हंबर, हर्क्युलिस या विलायती सायकली आल्या. स्वातंत्र्यानंतर अ‍ॅटलस, हीरो अशा देशी कंपन्या आल्या आणि मग सायकल शेतकऱ्याच्या आणि दूधवाल्याच्या आवाक्यात आली.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ मध्ये जगाची फेरी पूर्ण करून परत आले. सुमारे ४४,००० मैल. वाळवंटं, बर्फ, जंगलं, आणि कित्येक ठिकाणी रस्ताच नाही. गिअर नाहीत, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत. माउंटन बाइकचा इतिहास लिहिणारे लोक अमेरिकेपासून सुरुवात करतात. करू देत. पण आपल्या शेजारच्या मुंबईतून ही तीन मुलं पन्नास वर्षं आधी खडकाळ वाटांवरून सायकल हाकत गेली होती, हे आपल्या मुलांना निदान माहीत असावं.

आता माझ्या पापडीकडे येतो. १९६० च्या दशकात आमच्याकडे सायकल विकत घेणं ही घरातली मोठी घटना असायची. हळदकुंकू लावून, हार घालून ती दारात उभी राहायची. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे फादरांचा आशीर्वाद व्हायचा. ज्यांच्याकडे नव्हती ते दुकानातून तासाच्या भाड्याने आणायचे. लहान असताना दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. सायकलला कराचा बिल्ला लावावा लागायचा, रात्री दिवा लागायचा, आणि डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचे. म्हणून आम्ही रस्त्याने जायचोच नाही! बांधावरून, वाड्यांमधून, बावखळाच्या काठाकाठाने जायचो.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बावखळ म्हणजे वसईच्या बागायतीतलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि वाडीला शिंपायला उपयोगी पडतं. या बावखळांमुळे आमच्या वाटा सरळ कधी नसायच्याच. तळं आलं की वळा, विहीर आली की वळा, कुणाच्या केळी आल्या की वळा. अरुंद वाटेवर सायकल सांभाळण्याची कला आम्ही कुठल्या शिबिरात नाही शिकलो. चुकलं की सरळ पाण्यात.

आम्ही पाच जण होतो. दोन कुपारी ख्रिस्ती घरातले, एक सामवेदी, एक कोळीवाड्यातला आणि मी. नावं सांगत नाही, त्यातले दोघे आता नाहीत. संस्कृत परंपरेत असं मानतात, की सात पावलं सोबत चाललं की सख्य जुळतं. आमचं सख्य एका पंक्चरवर जुळलं. एकाचा टायर बसला, चौघे थांबले, सोल्यूशन एकाकडे, कानस दुसऱ्याकडे, पंप तिसऱ्याकडे. चौथ्याकडे फक्त सल्ला होता, तो मी. (हशा) अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत, उपयोगासाठी, सुखासाठी, आणि एकमेकांच्या चांगुलपणासाठी. मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण मनात दरवेळी ते पंक्चर असायचं. कारण तिथे उपयोग, सुख आणि चांगुलपणा वेगळे काढताच येत नव्हते.

१९६८ ची दिवाळी झाली आणि आम्ही तुंगारेश्वरला जायचं ठरवलं. महामार्ग ओलांडला की पायथा. तिथून देवळाकडे जाणारी वाट ओढे ओलांडत वर जाते. तिला फाटा फुटून एक अरुंद वाट डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्याकडे जायची. आम्हाला ती वाट फार वेडीवाकडी वाटली. इकडे वळते, तिकडे वळते, मध्येच जरा उतरते, पुन्हा चढते. आमच्यातला एक जण म्हणाला, "वरून सरळ खाली वाट काढली तर सायकल कसली सुटेल!" झालं. पाच रविवार आम्ही कुदळ, फावडं, कोयता आणि घमेली घेऊन गेलो. झुडपं तोडली, दगड बाजूला केले, आणि डोंगराच्या नाकावरून सरळसोट एक पट्टा खाली आणला. जिथे तो पाड्याची जुनी वाट कापत होता, तिथे जुन्या वाटेचे दगडही आम्ही उपटले. ते चाकाला लागायचे म्हणून.

खरं सांगतो, तसे दिवस पुन्हा आले नाहीत. सकाळी थंडीत निघायचं, डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी ओढ्यात डुंबायचं, आणि संध्याकाळी तो एक उतार. दीड मिनिटाचा असेल. ब्रेकच्या रबराचा जळका वास यायचा. एकाने खांद्याचं हाड मोडून घेतलं आणि घरी सांगितलं की नारळाच्या झाडावरून पडलो. आम्ही चौघांनी साक्ष दिली.

पुढच्या वर्षी श्रावणात देवळात गेलो तेव्हा सहज आमचा उतार पाहायला वळलो. उतार नव्हता. कमरेएवढी खोल घळ झाली होती. चार महिन्यांत डोंगरावरचं सगळं पाणी आमच्या त्या पट्ट्यातून सरळ खाली आलं होतं, माती घेऊन. ती माती पाड्याखालच्या एका भाताच्या तुकड्यावर जाऊन पसरली होती. आणि जिथे आम्ही दगड उपटले होते तिथे पाड्याची वाट तुटली होती. बायका डोक्यावर मोळी घेऊन ती घळ बसून, हात टेकत ओलांडत होत्या.

तिथे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. मला वाटलं आता मार बसणार. ते म्हणाले, "पोरांनो, आमची वाट वाकडी नाही. ती पाण्याला चुकवते." बस, एवढंच. मग त्यांनी आम्हाला त्या जुन्या वाटेवरून चालवत नेलं आणि दाखवलं. वाट डोंगराला आडवी का जाते. दरीच्या बाजूला ती किंचित कलती का असते, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न राहता लगेच बाहेर पडतं. मध्येच ती जरा उतरून पुन्हा का चढते, म्हणजे वरून आलेलं पाणी त्या खोलगट जागेतून निघून जातं. आणि ते दगड, जे आम्हाला अडथळा वाटले होते, ते तिरपे मुद्दाम बसवलेले होते, पाणी वळवायला. दोन दिवस आम्ही त्यांच्याबरोबर दगड रचले. दुपारी त्यांच्याच घरची नाचणीची भाकरी खाल्ली. ते म्हणाले, पाऊस गेला की या, तेव्हा माती धरेल. आम्ही हो म्हटलं. मग परीक्षा आल्या, मग नोकऱ्या आल्या. आम्ही गेलो नाही.

हे माझं पहिलं चुकलेलं उत्तर. मला वाटलं होतं, वाट जो खणतो त्याची.

आता याच्या पुढची गंमत बघा. साधारण त्याच सुमारास, सातसमुद्रापार कॅलिफोर्नियात, मरीन काउंटी नावाच्या भागात काही तरुण माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली सोडत होते. १९३०-४० च्या दशकातल्या जड सायकली, भंगारातून आणलेल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नाव पडलं रिपॅक. का? तर उतरताना मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस इतकं तापायचं की धूर होऊन उडून जायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. पुढच्या वर्षी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सांगाडा बनवला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी माउंटनबाइक्स या नावाने दुकान काढलं, १९८१ मध्ये कारखान्यात घाऊक बनवलेली सायकल बाजारात आली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोहोचला. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे ती जाड टायरची, सरळ हँडलची रेंजर. नव्वदच्या दशकात प्रत्येक मुलाला तीच हवी असायची. चालवायचे शाळेपर्यंतच, पण ऐट डोंगराची!

मात्र मला त्या इतिहासात जास्त रस आहे तो भांडणामुळे. मरीनमध्ये सायकली वाढल्या तसे पायी चालणारे आणि घोडेस्वार संतापले. १९८० च्या दशकात तिथल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली, रुंद वाटांवर वेगमर्यादा आली. १९८८ साली सायकलवाल्यांनी आपली संघटना काढली आणि तिने एक शहाणपणा केला. नुसता हक्क मागितला नाही. वाटा दुरुस्त करायला माणसं पाठवली, आणि वाट कशी बांधावी याचे नियम लोकांपर्यंत नेले.

ते नियम मी वाचले तेव्हा पन्नाशीत होतो. आणि वाचताना अंगावर काटा आला. पहिला नियम, वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे डोंगर शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल तर वाट शंभर फुटांत दहाच फूट चढावी. नाहीतर पाणी वाट ओलांडून न जाता वाटेतूनच वाहू लागतं. दुसरा, एकूण सरासरी चढ शंभरात दहाच्या आत ठेवा. तिसरा, वाट दरीकडे शंभरात पाचाएवढी कलती ठेवा. तीन फूट रुंदीच्या वाटेला जेमतेम दोन इंच. चौथा, अधूनमधून वाट थोडी उतरवून पुन्हा चढवा. मंडळी, हे सगळं मला त्या म्हाताऱ्यांनी १९६९ साली, एकही आकडा न वापरता सांगितलं होतं. आमच्या विद्यापीठात याला ज्ञान म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. ज्ञानमीमांसा शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, तो फरक आमच्या सोयीचा आहे.

आता दुसरं उत्तर. ते जास्त अवघड आहे, कारण पहिल्या वेळी मी अजाण होतो. दुसऱ्या वेळी नव्हतो.

१९९० च्या सुमारास वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले आणि इमारती उभ्या राहू लागल्या. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, पाण्यासाठी आणि हिरवळीसाठी. मी सभांना जायचो, टाळ्या वाजवायचो, एकदोनदा बोललोही. आणि त्याच वर्षांत आमच्या वाडीला भिंत घालायची ठरली. भावंडांचं म्हणणं होतं की उद्या कुणी अतिक्रमण करील. आमच्या वाडीच्या बांधावरून एक पायवाट जायची. मागच्या तीन-चार घरांची माणसं तिच्यावरून रस्त्याला लागायची, बावखळावर यायची. किती वर्षं? माझ्या आजोबांनाही ती आहे तशीच आठवत होती. भिंतीत तिच्यासाठी जागा ठेवायची की नाही, हा प्रश्न निघाला. मी सर्वांत शिकलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कागदावर वाट नाही." आणि सही केली.

मागच्या एका घरातल्या काकी फुलं घेऊन पहाटेच्या लोकलला जायच्या. डोक्यावर टोपली. भिंतीमुळे त्यांना मोठा वळसा पडू लागला. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "मास्तर, बरं हाय ना?" तेवढंच. तेवढंच मला पुरायचं.

आता तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता ना. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. अट एवढीच, की अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, शेताच्या बांधावरून वाट मिळवण्यासाठी. सुखाधिकाराचा १८८२ चा कायदा आहे, त्यात वीस वर्षं बिनतक्रार, हक्काने वापर असेल तर वाटेचा हक्क निर्माण होतो. म्हणजे "कागदावर वाट नाही" हे माझं वाक्य कायद्यानेही पुरतं खरं नव्हतं. पण सहा महिन्यांत दावा करायचा म्हणजे शेजारच्या घराविरुद्ध अर्ज करायचा. ज्यांच्या घरी लग्नाला जायचं, मयताला जायचं, त्यांच्याविरुद्ध. कायदा वाट देतो, पण वैर पत्करण्याची ज्याची तयारी असेल त्यालाच देतो. काकींची नव्हती. आणि हे मला सही करतानाच माहीत होतं. म्हणूनच मी सही करू शकलो.

हे दुसरं चुकलेलं उत्तर. वाट जमिनीच्या मालकाची.

तीन वर्षांपूर्वी, उरलेल्या भावाशी बोलून, आम्ही त्या भिंतीत तीन फुटांची जागा मोकळी केली. मी मोठ्या हौसेने पाहत बसायचो, कोण येतं. कुणी येईना. काकी केव्हाच गेल्या होत्या. मागच्या दोन घरांच्या जागी इमारत झाली होती, तिचं फाटक दुसऱ्या बाजूला. वाट मोकळी केली म्हणून वाट तयार होत नाही, मंडळी. वाट पावलांनी होते आणि पावलांची सवय एकदा मोडली की ती परत येत नाही. कित्येक महिने तिथे नुसतं गवत वाढलं.

मग एका मे महिन्यात काही मुलं आली. बावखळ साफ करायचं म्हणाली. गाळ काढायला घमेली घेऊन त्यांना जायला वाट हवी होती. त्या तीन फुटांतून त्यांनी गाळ वाहिला, चार रविवार. त्यातली निम्मी मुलं सायकलवाली. पहाटे पाचला हेल्मेट घालून, गिअरच्या सायकली घेऊन निघणारी. गाळ काढून झाल्यावर ती माझ्या ओट्यावर चहाला बसली आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, तुंगारेश्वरला वरून सरळ खाली एक ट्रेल काढायचा विचार आहे."

मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला.

त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. एक, २००३ पासून तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे जाण्यावरच बंधनं आहेत. मग नवी वाट खणणं तर दूरच. आमच्या काळी हे नव्हतं, आणि असतं तर बरं झालं असतं. दोन, डोंगर रिकामा नाही. तिथे पाडे आहेत, आणि त्यांच्या वाटा तुमच्या ट्रेलच्या कितीतरी आधीच्या आहेत. आधी त्या माणसांना भेटा. त्यांची कुठली वाट पावसात तुटते ते विचारा. वन खात्याची परवानगी काढून ती दुरुस्त करायला मदत करा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, तुमच्या हौसेप्रमाणे नाही. आणि तीन, सायकल चालवायला डोंगरच हवा असं कोण म्हणालं? आपल्या गावात अजून बांध आहेत, बावखळं आहेत, बुजलेल्या पाणंदी आहेत. त्या मोकळ्या करा. तिथे वेग मिळणार नाही, पण चुकलात तर पाण्यात पडाल, तीही मजा कमी नाही.

मुलं थोडी हिरमुसली. एक जण म्हणाला, "सर, पण उताराची मजा वेगळी." मी त्याला खोटं कसं सांगू? वेगळीच असते. दीड मिनिटाची ती मजा मला अजून आठवते. अशोकही ती नाकारत नाही. तो फक्त म्हणतो, दुसरी मोठी आहे. पण हे त्यालाही राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर कळलं. ही मुलं तर विशीची आहेत.

तरी गेल्या पावसाळ्यानंतर त्यातले चार जण पायथ्याच्या एका पाड्यावर जाऊन आले. सायकली महामार्गाच्या अलीकडे एका दुकानापाशी ठेवल्या आणि चालत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "सर, तिथल्या एका आजींनी विचारलं, तुम्ही पाऊस गेल्यावर परत येणार का?"

मी त्यांना म्हटलं, हो म्हणाला असाल तर जा. आमच्यासारखं करू नका.

आता काही प्रश्न असतील तर विचारा, आणि वाटा कशा बांधाव्यात याबद्दलचे प्रश्न या पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारा. ती माझ्याहून जास्त खणून आली आहेत.